पॉलिअ‍ॅनिलिन-मॅग्नेटाइट कॉम्पोझिट: चुंबकत्व किंवा वाहकता गायब झाली तर काय तपासायचं

माझं काम इंदूरच्या एका प्रयोगशाळेत. एमएस्सीच्या प्रोजेक्टची आणि पीएचडीची मुलं सॅम्पल घेऊन येतात, आणि पॉलिअ‍ॅनिलिनमध्ये (वीज वाहणारं पॉलिमर) मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोह-ऑक्साइडचे, नॅनोकण घालणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकच तक्रार आणतात: दोन गुण एकत्र हवे होते, हाती एकच लागला. दोष नेहमी त्याच सात-आठ ठिकाणी सापडतो. म्हणून तपासणीचा क्रम लिहून ठेवते. फुकटच्या गोष्टी आधी, मशीनच्या वेळेसाठी अर्ज करावा लागतो त्या शेवटी.

लक्षणं

आधी आपलं लक्षण ओळखा, कारण सगळ्यांचं मूळ एक नाही.

पावडर छान गडद हिरवी, वाहकताही बरी, पण व्हीएसएमवर (चुंबकीकरण मोजणारं मशीन) चुंबकीकरण अपेक्षेच्या निम्मं किंवा त्याहून कमी. हे सगळ्यात जास्त दिसतं.

चुंबकाला पावडर झटकन चिकटते, पण पेलेटमधून (पावडर दाबून केलेली चकती) करंट जातच नाही. रंग हिरव्याऐवजी निळसर किंवा तपकिरी.

एकाच बाटलीतल्या दोन चिमटींची मोजमापं जुळत नाहीत.

गाळलेलं पाणी पिवळट येतं. याकडे कुणी बघत नाही, सरळ ओततात.

धुऊन वाळवेपर्यंत सगळं ठीक, आणि ओव्हनमधून निघाल्यावर पावडर विटकरी छटेची.

भांडण कशाचं आहे

पॉलिअ‍ॅनिलिनला अ‍ॅसिड लागतं. अ‍ॅसिड नसेल तर साखळ्या नीट बनत नाहीत, तपकिरी आखूड तुकडे बनतात. साखळी बनली तरी प्रोटॉन नसताना ती निळ्या एमेराल्डिन बेसच्या रूपात राहते, आणि ते जवळजवळ विद्युतरोधकच. मॅग्नेटाइटला मात्र अ‍ॅसिड सोसत नाही. मोठा खडा एकवेळ टिकेल. दहा नॅनोमीटरच्या कणाचं बहुतेक शरीर पृष्ठभागाजवळच असतं, तो विरघळून फेरिक आणि फेरस क्षार होऊन जातो.

यावर मुलं म्हणतात, "ताई, आम्ही अ‍ॅसिड कमीच घातलं होतं." घालायची गरजच नसते, अभिक्रिया स्वतः अ‍ॅसिड बनवते. स्टेयस्कल आणि गिल्बर्ट यांनी २००२ साली आयुपॅक या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेसाठी लिहिलेली प्रमाण कृती घ्या: १०० मिलि मिश्रणात २.५९ ग्रॅम अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइड आणि ५.७१ ग्रॅम अमोनियम परसल्फेट (साखळी जोडणारं ऑक्सिडंट), म्हणजे २० आणि २५ मिलिमोल. प्रत्येक परसल्फेटमागे एक सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं, म्हणजे शेवटी बीकरमध्ये २५ मिलिमोल सल्फ्युरिक अ‍ॅसिड, ५० मिलिमोल प्रोटॉन. मॅग्नेटाइटच्या एका रेणूला विरघळायला आठ प्रोटॉन लागतात. कागदावरच्या हिशेबाने एवढं अ‍ॅसिड साधारण १.४ ग्रॅम मॅग्नेटाइट गिळू शकतं, आणि आपण घातलेलं असतं अर्धा ग्रॅम. बाहेरून एक थेंबही न घालता.

पुढची जवळजवळ प्रत्येक तपासणी याच हिशेबाकडे परत येते: कण किती वेळ, किती गरम आणि किती तीव्र अ‍ॅसिडात होते?

आधी फुकटच्या गोष्टी

ढवळायला काय वापरलं? चुंबकीय स्टररवर टेफ्लॉनची बार टाकून ढवळलं असेल तर बार बाहेर काढून बघा. काळी दाढी उगवलेली दिसेल. मॅग्नेटाइटचा मोठा भाग तिथे बसला, पॉलिमर उरलेल्या पाण्यात बनला, आणि तुम्ही म्हणता एकजीव होत नाही. हे इतकं साधं आहे की पहिला प्रश्न मी हाच विचारते. वरून फिरणारा यांत्रिक स्टरर आणि काचेचा किंवा टेफ्लॉनचा पंखा वापरा. तो नसेल तर सोनिकेटर बाथमध्ये बीकर ठेवून काचेच्या कांडीने ढवळलेलं परवडतं, फक्त परसल्फेट घातल्यानंतर सोनिकेशन बंद करा, कारण बाथ पाणी तापवतो.

चुंबकाने धुतलं का? बाटलीच्या बुडाशी चुंबक लावून वरचं पाणी ओतायची पद्धत शुद्ध मॅग्नेटाइटसाठी उत्तम. कॉम्पोझिटवर ती वापरली की कणांना न चिकटलेलं पॉलिअ‍ॅनिलिन पाण्याबरोबर निघून जातं आणि हाती कणांनी भरलेला निवडक भाग राहतो. मग चुंबकीकरण "वाढलं" आणि वाहकता "घटली" असं पेपरात लिहिलं जातं. कॉम्पोझिट गाळणीवरच धुवा. दोन चिमटींचं मोजमाप न जुळण्याचं कारणही बहुधा हेच किंवा बाटली चुंबकाशेजारी ठेवणं. वाळलेली पावडर अ‍ॅगेट खलात एकदा नीट घोटून, मिसळून मगच चिमूट उचला.

धुण्याचं पाणी कुठलं? डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून नळाचं नर्मदेचं पाणी वापरलं तर त्यातलं बायकार्बोनेट पॉलिमरचे प्रोटॉन काढून घेतं आणि हिरवा रंग निळा पडतो. डिस्टिल्ड पाण्यानेही धूतच राहिलात तर हळूहळू तेच होतं. "पीएच सात होईपर्यंत धुवा" असं कृतीत लिहिलेलं असतं, आणि मुलं ते निष्ठेने करतात. पॉलिअ‍ॅनिलिनच्या बाबतीत ती सूचना वाहकता मारते. प्रमाण कृतीत शेवटचं धुणं ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने आणि मग अ‍ॅसिटोनने आहे. मॅग्नेटाइट आत असेल तर अ‍ॅसिड आणखी पातळ घ्या आणि धुणं काही मिनिटांत उरका. पाण्याचा हात कमी, अ‍ॅसिटोनचा जास्त.

लक्षण दुसरं, म्हणजे निळसर आणि न वाहणारी पावडर, असेल तर थोडी पावडर पातळ अ‍ॅसिडात टाकून बघा. पुन्हा हिरवी झाली तर पॉलिमर चांगला आहे, फक्त प्रोटॉन गेले होते. तपकिरीच राहिली तर साखळी मुळातच बनलेली नाही.

आणि तोंडी हिशेब. मॅग्नेटाइटचं संपृक्त चुंबकीकरण मोठ्या स्फटिकात ९२ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) प्रति ग्रॅमच्या आसपास, सहअवक्षेपाने (दोन लोहक्षार अल्कलीत एकत्र खाली बसवून) बनवलेल्या दहा-पंधरा नॅनोमीटरच्या कणांचं बहुधा ५० ते ७०. तुमचे कण ६० चे असतील आणि कॉम्पोझिटमध्ये ते वजनाने २० टक्के असतील, तर अपेक्षित आकडा १२. बारा आले म्हणजे काहीही हरवलेलं नाही, पातळ झालं आहे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. उलट, हातातल्या चुंबकाला चिकटतं यावरून खूश होऊ नका. जेल रोडच्या बाजारातल्या जुन्या हार्डडिस्कमधून काढलेला निओडिमियम चुंबक लावून मुलं मला दाखवतात, "चिपक तो रहा है!" तो चुंबक दोन टक्के मॅग्नेटाइटही ओढतो.

बाटल्या उघडून बघा

अ‍ॅनिलिन ताजं डिस्टिल केलेलं रंगहीन किंवा फिकट पिवळं असतं. चहासारखं लाल-तपकिरी असेल तर त्यात ऑक्सिडेशनचे तुकडे आहेत, ते साखळी खराब करतात. १८४ अंशांना उकळणारा हा द्रव कमी दाबाखाली, थोडी जस्ताची पूड टाकून डिस्टिल करतात आणि काळ्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवतात. डिस्टिलेशनची सोय नसेल तर अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइडचा घन क्षार विकत घ्या. हाताळायला सोपा, वजन करायला सोपा.

अमोनियम परसल्फेट ओलावा धरून हळूहळू विघटित होतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली, गठ्ठा झालेली बाटली असेल तर वजन केलेल्या ५.७१ ग्रॅममध्ये परसल्फेट किती आहे ते देवाला ठाऊक. अ‍ॅनिलिनच्या एका मोलला १.२५ मोल हे प्रमाण त्यामुळे कमी पडतं आणि उत्पादन घटतं. आणि "थोडं जास्त घालू" हाही उपाय नव्हे, जास्तीचं ऑक्सिडंट साखळी तोडतं. नवी बाटली घ्या, ते सगळ्यात स्वस्त पडतं.

फेरस क्षार हा तिसरा. सहअवक्षेपाची पद्धत, मासार्टने १९८१ साली मांडलेली, दोन फेरिकला एक फेरस या प्रमाणावर उभी आहे. ताजं फेरस सल्फेट हिरवट-निळसर असतं. खड्यांवर पिवळा-तपकिरी थर असेल तर फेरसचा एक भाग आधीच फेरिक झाला आहे. मग अवक्षेप काळाभोर न येता तपकिरी येतो आणि चुंबकत्व जन्मापासूनच कमी. पाणी आधी उकळून किंवा नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवा, अमोनिया घालून पीएच ९ ते ११ मध्ये आणा, आणि कण बनले की त्यांचं व्हीएसएम कॉम्पोझिटच्या आधी करून घ्या. सुरुवातीचा आकडा हाती नसेल तर नंतर काय हरवलं ते कशावरून ठरवणार?

फिल्ट्रेट फेकू नका

माझी सगळ्यात आवडती तपासणी ही. खर्च जवळजवळ शून्य, उत्तर पक्कं.

कॉम्पोझिट गाळल्यावर खाली आलेल्या पाण्यातलं थोडं परीक्षानळीत घ्या, एक-दोन थेंब पातळ अ‍ॅसिड, आणि पोटॅशियम थायोसायनेटचं द्रावण. रक्तासारखा लाल रंग आला की फेरिक लोह पाण्यात उतरलं आहे, म्हणजे मॅग्नेटाइट विरघळलं. मात्र फिल्ट्रेटमध्ये अ‍ॅनिलिनचे आखूड तुकडे असतात, त्यांचा स्वतःचा गुलाबी-तपकिरी रंग असतो, आणि उरलेलं परसल्फेट थायोसायनेटशी खेळू शकतं. म्हणून मॅग्नेटाइट न घालता त्याच कृतीने केलेल्या निव्वळ पॉलिअ‍ॅनिलिनचं फिल्ट्रेट शेजारच्या नळीत ठेवून तुलना करा. ती दुसरी नळी नसेल तर पहिलीवर विश्वास ठेवू नका. पोटॅशियम फेरोसायनाइडनेही चालतं, तिथे गडद निळा रंग येतो.

याचीच बहीण म्हणजे कोरी परीक्षा. अ‍ॅनिलिन नाही, परसल्फेट नाही, फक्त तुमचे कण आणि तुमच्या कृतीतलं अ‍ॅसिड, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ. गाळा, थायोसायनेट घाला, उरलेले कण वाळवून वजन करा. किती टक्के गेले ते सरळ कळतं. कणांवर सिलिकाचं कवच चढवलं आहे असा दावा असेल तर हीच परीक्षा त्या कवचाची. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कवच सुंदर दिसतं, पण त्याला छिद्रं असली तर अ‍ॅसिड आत जातंच.

थर्मामीटर आणि घड्याळ

लाल रंग आला असेल तर उपाय इथे आहे.

अ‍ॅनिलिनचं पॉलिमरीकरण उष्णता सोडतं. बीकरमध्ये साधा थर्मामीटर ठेवा आणि दर मिनिटाला तापमान लिहा. आधी काही वेळ काहीच होत नाही, मग तापमान झपाट्याने चढतं, एका टोकाला पोचतं आणि उतरू लागतं. उतरू लागलं की मुख्य काम झालं. खोलीच्या तापमानाला हे सगळं काही मिनिटांत आटोपतं, बर्फात जास्त वेळ लागतो. तरी मुलं "रात्रभर ठेवलं" म्हणतात. ती सवय निव्वळ पॉलिअ‍ॅनिलिनच्या कृतीतून आलेली, तिथे रात्रभर ठेवून बिघडत नाही. इथे रात्रभर म्हणजे तयार झालेल्या अ‍ॅसिडात कण भिजत घालणं. टोक गेलं, थोडं थांबलं, लगेच गाळलं.

बर्फाबद्दल. शून्य ते पाच अंश लिहिलेलं असतं, आणि इंदुरात मे महिन्यात बाहेर चाळिसावर पारा असताना बर्फाची बादली तासाभरातच नुसतं गार पाणी होते. बर्फात मीठ घाला, बादलीभोवती थर्माकोल लावा, आणि द्रावणं मिसळण्याआधीच थंड करून घ्या. थंडीचा फायदा दुहेरी आहे: पॉलिमर बरा बनतो आणि मॅग्नेटाइटचं विरघळणंही मंदावतं. परसल्फेटचं द्रावण थेंब-थेंब घाला.

तरीही कण जात असतील तर कृतीच बदला. तीन मार्ग मी बघितले आहेत.

पहिला: हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडून डोडेसिलबेंझिन सल्फोनिक अ‍ॅसिड. लांब शेपटीचं हे अ‍ॅसिड डोपिंगही (प्रोटॉन देऊन पॉलिमर वाहक बनवणं) करतं आणि साबणासारखं कणांना वेगळंही ठेवतं. अभिक्रियेत बनणारं सल्फ्युरिक मात्र तिथेही असतंच, त्यामुळे घड्याळ सुटत नाही. शिवाय फेस होतो, गाळायला जीव जातो.

दुसरा: सिलिकाचं कवच. कण वाचतात. पण कवचाचंही वजन असतं, ग्रॅममागे चुंबकीकरण कमी होणार हे आधीच धरून चाला.

तिसरा मार्ग मला सगळ्यात समजूतदार वाटतो: पॉलिअ‍ॅनिलिन आधी वेगळं, पुरेशा अ‍ॅसिडात, निवांत बनवा. मग ते धुऊन त्याच्या उपस्थितीत अल्कलीमध्ये मॅग्नेटाइट अवक्षेपित करा. अल्कलीमुळे पॉलिमर निळा पडेल, पडू द्या. शेवटी पातळ अ‍ॅसिडाचा थोडक्यात हात देऊन पुन्हा हिरवा करा. कण अ‍ॅसिडात काही मिनिटंच राहतात. डोपिंग पूर्ण होत नाही, वाहकता थोडी कमी मिळते, पण काय मिळालं ते निदान माहीत असतं. वाहकता आणि चुंबकत्व दोन्ही कमाल हवं असा हट्ट असेल तर तो गाइडशी बोलून आधीच सोडवून घ्या.

वाळवताना

शंभर अंशांवर हवेत वाळवलं तर दोन नुकसानं एकदम: हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पॉलिमरमधून उडून जातं आणि मॅग्नेटाइट हवेतल्या ऑक्सिजनने मॅगेमाइट, म्हणजे जास्त ऑक्सिडाइझ झालेलं लोह-ऑक्साइड, होऊ लागतं. व्हॅक्यूम ओव्हन, साठ अंश. एवढंच.

पेलेट आणि चार टोकांचं मापन

मल्टिमीटरची दोन टोकं पेलेटला लावून आलेला आकडा वाहकता नसते, त्यात संपर्काचा रोध मिसळलेला असतो. चार टोकांची पद्धत वापरा आणि सूत्र जपून निवडा. नेहमीच्या पेलेटचा व्यास १३ मिमी, जाडी १ मिमी, टोकांमधलं अंतर २ मिमी. अशा पातळ चकतीला जाड नमुन्याचं सूत्र, म्हणजे दोन गुणिले पाय गुणिले अंतर, लावलं तर रोधकता तिपटीहून जास्त येते. इथे जाडी गुणिले ४.५३ हे पातळ थराचं सूत्र लागतं, आणि चकती टोकांच्या अंतराच्या मानाने फार मोठी नसल्याने त्यात व्यासाची दुरुस्तीही करावी लागते, ती सतरा टक्क्यांच्या आसपास असते. प्रबंधात वाहकता "एक तृतीयांश झाली" असं वाचलं की मी आधी हे सूत्र तपासते.

दाब प्रत्येक पेलेटला सारखा, तेवढाच वेळ. करंट उलटा करून पुन्हा मोजा, दोन्हींचं मूल्य जुळलं पाहिजे. व्होल्टेज-करंटचा आलेख सरळ रेषेत आहे का बघा, वाकत असेल तर पेलेट तापतोय किंवा संपर्क वाईट आहे. आणि ऋतू लिहून ठेवा. पॉलिअ‍ॅनिलिन ओलावा धरतं आणि त्याने वाहकता वाढते. ऑगस्टमधला पेलेट आणि एप्रिलच्या कोरड्या हवेतला पेलेट यांची तुलना करायची तर दोन्ही आधी डेसिकेटरमध्ये ठेवा.

अंदाजासाठी एक खूण: त्या २००२ च्या प्रमाण कृतीने वेगवेगळ्या हातांनी केलेल्या ५९ नमुन्यांची सरासरी ४.४ सीमेन्स प्रति सेंमी आली, अधिक-उणे १.७. तुमचं निव्वळ पॉलिअ‍ॅनिलिन या पट्ट्यापासून कोसभर दूर असेल तर कॉम्पोझिटकडे वळूच नका. कण घातल्यावर वाहकता उतरणं मात्र स्वाभाविक आहे.

आता मशीन

टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं ते मोजणं) आधी करा, व्हीएसएम नंतर. लोक उलट करतात.

हवेत ७०० अंशांपर्यंत तापवलं की पॉलिअ‍ॅनिलिन पूर्ण जळतं आणि मागे लोहाचा ऑक्साइड उरतो. तो मॅग्नेटाइट नव्हे, हेमॅटाइट, म्हणजे पूर्ण ऑक्सिडाइझ झालेलं, चुंबकाला जवळजवळ न जुमानणारं रूप. ऑक्सिजन घेतल्याने वजन साधारण साडेतीन टक्के वाढलेलं असतं, म्हणून उरलेल्या टक्क्यांना ०.९६७ ने गुणा. १५.५ टक्के उरले तर मॅग्नेटाइट १५ टक्के. सुरुवातीचा १२० अंशांपर्यंतचा उतार पाण्याचा, तो वजा करून टक्के काढा. सिलिका घातली असेल तर तीही याच अवशेषात बसलेली असते.

आता जोडा. घातलं होतं २५ टक्के, टीजीए म्हणतं १५: दहा टक्के अ‍ॅसिडात गेले किंवा बारवर राहिले, वरच्या तपासण्यांकडे परत जा. टीजीए १५, कण ६० ईएमयूचे, तर व्हीएसएमवर ९ यायला हवेत. नऊ आले तर चुंबकाची बाजू निर्दोष. चार आले तर लोह आहे, पण चुंबकीय रूपात नाही: हेमॅटाइट झालं, किंवा विरघळलेलं लोह धुऊन न निघता क्षाराच्या रूपात पॉलिमरमध्ये अडकलं. या दोन आकड्यांची जोडी नसताना कारणांवर वाद घालणं व्यर्थ.

व्हीएसएमला सॅम्पल देताना पावडर सैल ठेवू नका. क्षेत्रात ती सरकते, वळते आणि लूपला, म्हणजे चुंबकीकरणाच्या आलेखाच्या वळशाला, खोटे कोपरे येतात. टेफ्लॉन टेपने घट्ट बांधा. दहा मिलिग्रॅमच्या सॅम्पलमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमची चूक म्हणजे पाच टक्के, म्हणून चार दशांश स्थळांचा तराजू. रिकाम्या होल्डरचं मापन आणि निकेलचं प्रमाण मापन मागून घ्या. निकेल खोलीच्या तापमानाला ५५ ईएमयू प्रति ग्रॅमच्या आसपास दाखवत नसेल तर तुमच्या सॅम्पलचा काहीच दोष नाही. कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व पुसायला लागणारं उलटं क्षेत्र) शून्याजवळ आली म्हणून घाबरू नका, इतक्या लहान कणांमध्ये अतिपराचुंबकत्वामुळे (क्षेत्र काढलं की चुंबकत्व टिकत नाही) ती तशीच असते.

एक्सआरडीमध्ये (एक्स-रेने स्फटिकाची रचना बघणं) तांब्याची ट्यूब असेल तर लोहाच्या सॅम्पलची पार्श्वभूमी उंच येते. तांब्याचे किरण लोहाला स्वतःचे किरण सोडायला लावतात. मग ३५.५ अंशांचं मुख्य शिखरही त्या धुक्यात बुटकं दिसतं आणि मुलं म्हणतात मॅग्नेटाइट गेलं. मोनोक्रोमेटर आहे का विचारा, किंवा कोबाल्टची ट्यूब मिळते का बघा. २० आणि २५ अंशांजवळचे रुंद उंचवटे पॉलिअ‍ॅनिलिनचे. ३३.२ ला शिखर दिसलं तर ते हेमॅटाइट.

रामनमध्ये (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणं) उलटा धोका. लेझरची ताकद जास्त असली तर मॅग्नेटाइट तिथल्या तिथे तापून हेमॅटाइट होतं, आणि तुम्ही मशीननेच केलेला बदल सॅम्पलच्या माथी मारता. ६६८ प्रति सेंमीच्या जवळची रेषा मॅग्नेटाइटची. ताकद कमी करून त्याच जागी दोनदा घ्या, दुसऱ्यांदा वेगळं दिसलं तर काय झालं ते समजलं.

कुठे थांबायचं

मॅग्नेटाइट आहे की मॅगेमाइट, हा प्रश्न साध्या एक्सआरडीवर सोडवायचा प्रयत्न करू नका. दोघांची शिखरं इतकी जवळ असतात, आणि नॅनोकणांत इतकी रुंद, की दोन्ही बाजूंनी भांडता येतं. कमी तापमानाला १२० केल्विनजवळचं व्हर्वे संक्रमण (मॅग्नेटाइटच्या वाहकतेत आणि चुंबकत्वात अचानक होणारा बदल) दिसलं तर मॅग्नेटाइट नक्की, पण लहान कणांत ते दबतं, म्हणून न दिसण्यावरून काही ठरत नाही. इथे मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोहाची अवस्था ओळखायचं तंत्र) लागतं, आणि ते जाणकाराचं काम आहे. आपलं नशीब असं की खंडवा रोडवर विद्यापीठाच्या परिसरातच यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम आहे, जे विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच चालतं, आणि तिथे मॉसबाउअरची सोय आहे. पलीकडे राजा रामण्णा केंद्रात २.५ जीईव्हीचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन (तीव्र एक्स-रे देणारा कणवेगवर्धक) आहे. त्याच्या एक्स-रे शोषणाच्या बीमलाइनवर लोहाच्या ७११२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या कडेवरून फेरस-फेरिकचं प्रमाण काढता येतं. दोन्हीकडे अर्ज करावा लागतो, आणि फिल्ट्रेट तपासल्याशिवाय अर्ज करू नये असं माझं मत आहे.

मशीनच्या पोटात हात घालू नका. एक्स-रे ट्यूबचा उच्च दाब, व्हीएसएमचा क्रायोस्टॅट, द्रवरूप नायट्रोजन, यातलं काही बिघडलं तर ऑपरेटरला बोलवा.

रसायनांच्या बाजूने तीन ठिकाणी लगेच थांबा. शंभर मिलिची कृती एकदम लिटरवर नेली आणि तापमान थांबायचं नाव घेत नाही: परसल्फेट घालणं बंद, बीकर बर्फात, माणसं हूडपासून मागे, आणि मोठी बॅच पुन्हा करायची असेल तर रासायनिक अभियांत्रिकीच्या माणसाला विचारून. परसल्फेटची धूळ श्वासात जाऊन छाती आवळली: बाहेर या आणि डॉक्टर गाठा, दमा असणाऱ्याने ती बाटली उघडूच नये. अ‍ॅनिलिन त्वचेवर सांडलं: कपडे काढा, भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, आणि बरं वाटत असलं तरी इस्पितळात जा. ते त्वचेतून आत जातं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहायची ताकद घालवतं. ओठ-नखं निळसर होणं, डोकं दुखणं काही तासांनी सुरू होऊ शकतं. डॉक्टरांना "अ‍ॅनिलिन" हे नाव स्पष्ट सांगा, बाटलीचं लेबल दाखवा, कारण त्याचा ठरावीक उपचार आहे.

मॉसबाउअरसाठी सॅम्पल पाठवताना सोबत कोऱ्या कणांची पुडी, निव्वळ पॉलिअ‍ॅनिलिनची पुडी आणि टीजीएचा कागद द्या. बाटलीवर बनवल्याची तारीख लिहा, आणि ती हवाबंद असू द्या. वाळलेलं नॅनोमॅग्नेटाइट महिनोन्‌महिने हवेत पडून राहिलं की आपोआप मॅगेमाइटकडे सरकतं, आणि मग पॉलिमरीकरणात काय झालं आणि कपाटात काय झालं ते कुठलंच मशीन वेगळं करून सांगू शकत नाही.